सुधारणांनी गरिबी हटते का? सोलापूरच्या वह्यांमधून एक उत्तर

अक्कलकोटजवळच्या गावातून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाचा प्रश्न असा आहे: "चीन आणि व्हिएतनामने आर्थिक सुधारणा करून कोट्यवधी लोकांना अतिगरिबीतून बाहेर काढलं. मग आपण मोफत धान्यावर आणि अनुदानांवर पैसा घालवण्यापेक्षा नुसत्या सुधारणाच का करत नाही? आणि सुधारणांनी गरिबी हटते म्हणावं, तर १९९१ नंतर सोलापुरातल्या गिरण्या बंद का पडल्या? तुम्हाला एकच सुधारणा करायला मिळाली तर कोणती कराल?"

प्रश्न मनापासून विचारला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. मी अर्थशास्त्राची प्राध्यापक नाही. चोवीस वर्षं सोलापूरच्या पूर्व भागात, विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या घरांत बचत गटांचं काम करते आहे. आमच्या गटांत एक रिवाज आहे: प्रत्येक बाईने घरात आलेला आणि गेलेला पैसा रोज वहीत मांडायचा. जिला लिहिता येत नाही ती तेलुगूत सांगते आणि तिची लेक मराठीत उतरवते. गरिबीबद्दल मला जे कळलं त्यातलं बरंचसं या वह्यांनी शिकवलं. पुस्तकं नंतर वाचली, आणि वाचताना प्रत्येक वेळी मनात एकच विचार असायचा: हे जे सांगतायत ते वहीच्या कुठल्या रकान्यात दिसेल?

आधी गिरण्यांचं बोलू, कारण तिथे तारखांचा घोळ आहे. ज्या गिरणीला सगळं शहर जुनी मिल म्हणतं, ती १९९१च्या कितीतरी आधी बंद पडली होती. बाकीच्या गिरण्या नव्वदच्या दशकात आणि पुढे गेल्या हे खरं, पण त्यांचं दुखणं जुनं होतं. यंत्रं म्हातारी झाली होती आणि तेच कापड यंत्रमागावर स्वस्तात निघत होतं. १९८५च्या वस्त्रधोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांना बरोबरीने स्पर्धेत उभं केलं, त्यानंतर गिरण्यांना श्वास घेणं आणखी अवघड झालं. १९९१च्या निर्णयांनी त्यांना वाचवलं नाही, पण मारलंही नाही. कामगाराच्या घरात मात्र फरक पडला तो पडलाच. सासरा मिलमध्ये पगारी, फंड आणि सुट्टीसकट. मुलगा यंत्रमागावर, नगावर मजुरी, माग बंद तर मजुरी बंद. सून विडीला. एकाच घरातल्या या तीन पिढ्यांच्या कमाईकडे बघितलं की कळतं, की शहरात काम होतं, पण कामाची जात बदलत गेली.

आता मुख्य मुद्दा. "सुधारणा की अनुदानं" अशी निवड करायची वेळ प्रत्यक्षात फार कमी येते. विचारायचं ते हे, की एखादी सुधारणा गरिबाच्या घरापर्यंत कुठल्या वाटेने पोचते आणि वाटेत कुठे अडते. वह्या बघत गेलं की गरीब घराचा हिशेब तीन गोष्टींवर उभा असलेला दिसतो: कामाचा दर काय, महिन्यात कामाचे दिवस किती, आणि वर्षात धक्के किती. दर म्हणजे हजार विड्यांना किंवा एका टॉवेलला काय मिळतं ते. दिवस म्हणजे किती दिवस कारखान्याकडून विडीचं पान मिळालं, किती दिवस माग चालू राहिला. आणि धक्के म्हणजे सिव्हिलच्या चकरा, लग्न, मयत, पावसात पडलेली भिंत. धोरण कितीही मोठं असो, त्याने या तिन्हींपैकी काहीच हललं नाही, तर त्या घरापुरतं ते झालंच नाही.

यातला एक भाग सुधारला आणि दुसऱ्याने खाल्ला, असंही होतं. काही वर्षांपूर्वी विडीची हजारी मजुरी वाढली. आम्ही सगळ्या खूश होतो. दोन महिन्यांनी वह्या जमा केल्या तर महिन्याची कमाई होती तिथेच. मी एकीला विचारलं, तर ती म्हणाली, "अक्का, दर वाढला खरा, पण कारखाना आता आठवड्यातनं चारच दिवस पान देतोय. आणि छाट वाढवलीय." छाट म्हणजे तपासताना खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, त्यांची मजुरी मिळत नाही, पान आणि तंबाखू तर वापरून झालेला असतो. दर कागदावर वाढला आणि दिवसांत, छाटीत वजा झाला. मजुरी वाढवणं चूक होतं असं मी म्हणत नाही. त्या बाईकडे दुसऱ्या कामाचा पर्याय नव्हता, म्हणून कारखान्याला तसं करता आलं, एवढंच माझं म्हणणं आहे. हा पर्यायाचा मुद्दा पुढे परत येणार आहे.

हे डोक्यात ठेवून चीनकडे बघा. १९७८च्या अखेरीस आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावात अठरा शेतकऱ्यांनी गुपचूप करार करून सामूहिक जमीन घराघरांत वाटून घेतली. सरकारचा ठरलेला हिस्सा द्यायचा आणि वरचं धान्य आपलं. पुढे सरकारने हीच पद्धत देशभर मान्य केली आणि १९७९मध्ये धान्याचा सरकारी खरेदीदरही वाढवला. म्हणजे तिथली पहिली मोठी सुधारणा झाली ती शेतात. शेअर बाजार आणि परकी गुंतवणूक यांचा नंबर नंतरचा. गरीब जे पिकवत होता त्याचाच मोबदला वाढला. मग गावोगावचे छोटे कारखाने आले आणि त्यानंतर किनाऱ्यावरचे मोठे. जागतिक बँकेच्या हिशेबाने चाळीस वर्षांत जवळपास ८० कोटी लोक तिथे अतिगरिबीतून वर आले. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: सुधारणा सुरू झाल्या तेव्हा जमीन बऱ्यापैकी समान वाटलेली होती आणि खेड्यातल्या पोरांना लिहिता-वाचता येत होतं.

व्हिएतनामचा क्रमही साधारण तोच. १९८६मध्ये 'दोई मोई' हे आर्थिक सुधारणांचं धोरण जाहीर झालं, १९८८मध्ये शेती कुटुंबांच्या हाती दिली गेली, आणि जो देश तांदूळ बाहेरून आणत होता तो १९८९मध्ये तांदूळ निर्यात करायला लागला. कपडे आणि बुटांचे कारखाने मागून आले.

युगांडाचं उदाहरण आपल्याकडे कमी सांगितलं जातं, पण मला ते फार जवळचं वाटतं. तिथे कॉफीची निर्यात एका सरकारी मंडळाच्या हातात होती आणि जगातल्या भावाचा फारच छोटा वाटा शेतकऱ्याच्या पदरात पडायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ही मक्तेदारी मोडली आणि शेतकऱ्याचा वाटा एकदम वाढला. १९९२मध्ये तिथली सुमारे ५६ टक्के जनता गरिबीरेषेखाली होती, ती २०००पर्यंत ३५ टक्क्यांच्या आसपास आली. त्याच काळात जगात कॉफीचा भाव चढला होता, हेही सांगायला हवं. नुसत्या धोरणाला सगळं श्रेय देता येणार नाही. पण भाव चढला तेव्हा तो झोपडीपर्यंत पोचला, कारण मधली भिंत आधी पडली होती.

तिन्ही ठिकाणी गरिबाकडे विकायला जे होतं, त्याचाच दर वाढला. म्हणून सुधारणा लवकर पोचल्या.

आपल्याकडे १९९१मध्ये जे झालं ते गरजेचं होतं, यात मला शंका नाही. परकी गंगाजळी आटली होती. जुलैच्या त्या अर्थसंकल्पाच्या दिवशीच बहुतेक उद्योगांचा परवाना काढून टाकला गेला, आयातीवरची बंधनं सैल झाली. पण भूमिहीन मजूर आणि कोरडवाहू शेतकरी जे विकतात, म्हणजे अंगमेहनत आणि ज्वारी, त्याला त्या निर्णयांनी थेट हात घातला नाही. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने काढलेले गरिबीचे आकडे तुमच्या अभ्यासात असतीलच: १९९३-९४मध्ये ४५.३ टक्के, २००४-०५मध्ये ३७.२ आणि २०११-१२मध्ये २१.९. पहिल्या अकरा वर्षांत आठ अंकांची घट, पुढच्या सात वर्षांत पंधराहून जास्त. विद्यार्थी हे आकडे पाठ करतात, पण हा वेग दुसऱ्या टप्प्यात का वाढला हे विचारत नाहीत.

आमच्या वह्यांत त्याचं उत्तर दिसतं. त्या वर्षांत अक्कलकोट, मंगळवेढ्याकडची पोरं पुण्याला बांधकामावर जायला लागली. गावात माणूस कमी झाला, तसा शेतातल्या मजुरीचा दर चढला. रोजगार हमीचा केंद्रीय कायदा २००५मध्ये झाला आणि २००८पर्यंत टप्प्याटप्प्याने देशभर पोचला. शेतमालाचे भावही त्या काळात वाढले. कुणाचा वाटा किती, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात, आणि मी त्यात निकाल देणार नाही. पण बांधकाम वाढलं ते उद्योग मोकळे झाल्यामुळे, आणि हमीला पैसा मिळाला तो वाढलेल्या करांमधून. म्हणून सुधारणा एकीकडे आणि योजना दुसरीकडे अशी फाळणी मला पटत नाही. एकीच्या कमाईवर दुसरी चालते.

रोजगार हमी तर आपल्याच मातीतली. १९७२च्या दुष्काळात याच जिल्ह्यातले लोक खडी फोडायला उभे होते. त्या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७मध्ये कायदा केला आणि १९७९पासून तो लागू झाला. नोकरदारांच्या पगारातून जो व्यवसाय कर कापला जातो, तो १९७५मध्ये या योजनेच्या खर्चासाठीच सुरू झाला होता. हमीचं काम प्रत्यक्षात किती निघतं यावर टीका करायला जागा आहे. तरी गावात हमीचं काम चालू आहे म्हटल्यावर बागायतदाराला मजुरी दोन पैसे जास्त द्यावी लागते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. विडीच्या बाईकडे नव्हता तो पर्याय हाच.

जी सुधारणा आपण उशिरा केली तिचं मला जास्त वाईट वाटतं. तयार कपडे शिवण्याचा धंदा २०००च्या वस्त्रधोरणापर्यंत लघुउद्योगांसाठी राखून ठेवलेला होता. हेतू चांगला होता: छोट्याला जगवायचं. पण त्यामुळे हजार शिलाई मशीनचा कारखाना उभा राहणं फार अवघड होतं, आणि परदेशातल्या मोठ्या ऑर्डरी छोट्या शेडमध्ये पुऱ्या होत नाहीत. त्याच वर्षांत बांगलादेशने लाखो बायकांना शिलाईच्या कारखान्यांत आणलं. सोलापुरात सूत होतं, टॉवेल आणि चादरीचं नाव होतं, सुईदोऱ्याला सरावलेले हात होते. कितीतरी जणी त्या काळात विडीवरच बसून राहिल्या. अलीकडे शहरात शालेय गणवेशाचं काम बरंच वाढलं आहे आणि विडीवालीची लेक मशीनवर बसलेली दिसते. दहा वर्षं विड्या वळलेली बाई मला सांगते, "माझं गेलं ते गेलं, हिच्या नखात तंबाखू नको." बंद खोलीत, मांडीवर सूप घेऊन ती धूळ किती छातीत जाते, हे ज्यांनी बघितलंय त्यांना या वाक्याचं वजन कळेल.

धक्क्यांबद्दल जास्त सांगावं लागेल, कारण तुमच्या प्रश्नातला "मोफत धान्यावर घालवलेला पैसा" इथेच येतो.

जागतिक बँकेने २०२५मध्ये अतिगरिबीची रेषा माणशी रोज ३ डॉलर केली. हा बँकेत बदलून मिळणारा डॉलर नव्हे. इथल्या किमतींशी जुळवून घेतला तर २०२१च्या भावाने तो माणशी दिवसाला साठ रुपयांच्या थोडा वर जातो. या रेषेने भारतातलं प्रमाण २०११-१२मधल्या २७.१ टक्क्यांवरून २०२२-२३मध्ये ५.३ टक्क्यांवर आलं. ही घट खरी आहे आणि मला तिचा आनंद आहे. पण त्या भावाने पाच माणसांच्या घराला ही रेषा ओलांडायला महिन्याला नऊ-साडेनऊ हजार पुरतात. माझ्या गटांतली बहुतेक घरं याच्या वर आहेत, पण हातभरच वर. एक अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं की दोन वर्षांची चढण एका आठवड्यात उतरतात.

धक्का बसला की काय होतं? आधी भिशी मोडते, मग सोनं जातं, मग मालकाकडून उचल, मग फायनान्सचं कर्ज, मग एका फायनान्सचा हप्ता भरायला दुसऱ्याचं. २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला, की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. नियम चांगला आहे, पण कमाई किती हे कोण आणि कसं मोजतो यावर सगळं अवलंबून. हप्त्यासाठी मुलीची शाळा सुटते आणि ती आईबरोबर पान कापायला बसते. एकदा सुटलेली शाळा परत सुरू झालेली मी फार कमी वेळा बघितली.

या उतरणीवर धान्य हा पहिला अडसर आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब घराला महिन्याला ३५ किलो आणि त्यावरच्या 'प्राधान्य' यादीतल्या घराला माणशी ५ किलो मिळतं, जानेवारी २०२३पासून फुकट. लोक म्हणतात, याने माणूस आळशी होतो. माझ्या वह्या तसं सांगत नाहीत. नोटाबंदीत मागांची मजुरी आठवडेच्या आठवडे अडकली आणि २०२०च्या टाळेबंदीत विडी, माग सगळंच थांबलं, तेव्हा ज्या घरात रेशनचं धान्य होतं त्या घराने शिलाईचं मशीन विकलं नाही. ज्यांचं कार्ड गावाकडे अडकलं होतं त्यांनी विकलं. एकच कार्ड देशात कुठेही चालण्याची सोय ही, माझ्या दृष्टीने, कुठल्याही करसुधारणेइतकी मोठी आर्थिक सुधारणा आहे. कामासाठी गाव सोडायला ती धीर देते.

सगळी अनुदानं सारखी नसतात, हे मात्र मी मान्य करते. इंडोनेशियाने २००५मध्ये इंधनावरचं अनुदान मोठ्या प्रमाणात कमी केलं, कारण त्याचा फायदा गाडीवाल्यांना जास्त मिळत होता, आणि त्याच वेळी गरीब घरांना रोख मदत सुरू केली. अनुदान काढायचंच असेल तर असं: आधी खाली जाळी बांधायची, मग दोर सोडायचा.

इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका विधवा बाईला गटातून म्हशीसाठी कर्ज मिळवून दिलं. सहा महिन्यांत म्हैस मेली. कर्ज राहिलं. ती बाई गटात यायची बंद झाली, रस्त्यात मला बघून वाट बदलायची. मला वाटलं होतं, गरिबाला भांडवल दिलं की तो उभा राहतो. अगदी तळाच्या घराला कर्ज हा आणखी एक धक्काच असतो, हे मला तिने शिकवलं. पुढे बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेची २००२पासूनची पद्धत वाचली: सर्वांत गरीब घराला शेळी किंवा गाय कर्जाने नव्हे, तशीच द्यायची, ती दूध देईपर्यंत पोटापुरता पैसा द्यायचा, दर आठवड्याला कुणीतरी घरी जाऊन विचारपूस करायची, आणि बचतीची सवय लावायची. भारतासह सहा देशांत याची तपासणी झाली, २०१५मध्ये निष्कर्ष छापून आले, आणि मदत थांबल्यानंतरही घरांची कमाई टिकलेली दिसली. बिहारने २०१८पासून हीच वाट राज्यभर धरली. बाजार मोकळा झाला म्हणून ती विधवा बाई बाजारात आली नसती. तिला दारापर्यंत हात धरून आणावं लागलं असतं.

तेव्हा आतापर्यंतचं एकत्र धरायचं तर: सुधारणा दर आणि दिवस वाढवू शकते, तेही गरीब जे विकतो त्यालाच तिने हात घातला तर. धक्के तिच्याने आवरत नाहीत. त्यासाठी धान्य, दवाखाना, हमी लागते. आणि अगदी तळाच्या घराला या दोन्हींच्या आधी माणूस लागतो. कुठल्या देशात काय आधी करावं, हे तिथली जमीन कुणाकडे आहे, पोरं शिकली आहेत का, आणि सरकारच्या हातात प्रत्यक्ष करण्याची ताकद किती यावर ठरतं. चीनचा क्रम उचलून जिथे निम्मी माणसं भूमिहीन आहेत तिथे ठेवला, तर तसाच चालणार नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, एकच सुधारणा कोणती. देशाचं मला सांगता येणार नाही, सोलापूरचं सांगते. विडी कामगारांसाठी शहराजवळच्या कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत झाली, जानेवारी २०२४मध्ये रे नगर या असंघटित कामगारांच्या वसाहतीतल्या पंधरा हजार घरांचा ताबा दिला गेला. भाडं वाचलं, डोक्यावर छत आलं, धक्के कमी झाले. पण काम शहरात आणि एमआयडीसीत राहिलं. तिथल्या कितीतरी जणींना शिलाईच्या युनिटमध्ये जायचं आहे. विडीपेक्षा दर बरा, काम पक्कं. जात नाहीत, कारण शिफ्टच्या वेळेला बस नाही आणि दोन वर्षांचं पोर ठेवायला जागा नाही. विडी घरी बसून होते, पोर पायाशी असतं, म्हणून त्या विडीवर राहतात.

मला दोनच गोष्टी द्या: सकाळी आणि संध्याकाळी शिफ्टला धरून धावणारी बस, आणि युनिटच्या आवारात पाळणाघर. गेल्या महिन्यात आमच्या एका गटातल्या अकरा जणींना मी विचारलं, हे मिळालं तर किती जणी विडी सोडाल. नऊ हात वर गेले. दहावी म्हणाली, "आधी बस दाखव, मग सांगते."